मांगारेवाचा केसपेपर

नकाशावर ताहिती शोधायला फारसा वेळ लागत नाही. त्या ताहितीपासून आग्नेयेला आणखी सोळाशे किलोमीटर समुद्र ओलांडला, की प्रवाळाच्या एका मोठ्या कड्याच्या आत डोंगराळ बेटांचा पुंजका लागतो. त्याचे नाव गांबिए. बेटे फ्रान्सची, नाव मात्र एका इंग्रज अ‍ॅडमिरलचे. १७९७ मध्ये मिशनऱ्यांचे 'डफ' हे जहाज तिथून गेले, तेव्हा कप्तानाने ते देऊन टाकले. बेटाला आधीपासून नाव असेल, हा विचार त्या काळी कुणाला शिवत नसे. पुंजक्यातले सर्वांत मोठे बेट मांगारेवा, आणि तिथले मुख्य गाव रिकितेआ. सगळ्या बेटांची मिळून आजची वस्ती दीड हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी.

या बेटाकडे मी वळलो तो डॉक्टर म्हणून. गेल्या दोनशे वर्षांत मांगारेवाची प्रकृती दोनदा ढासळली. दोन्ही वेळा तिचा केसपेपर दुसऱ्याच कुणीतरी लिहिला, आणि रुग्णाच्या हाती तो फार उशिरा पडला.

पहिली वेळ १८३४ नंतरची. त्या वर्षी ओनोरे लाव्हाल आणि फ्रांस्वा कारे हे दोन फ्रेंच कॅथलिक पाद्री बेटावर उतरले. १८३६ मध्ये राजा मापुतेओआने बाप्तिस्मा घेतला आणि पाठोपाठ सगळी प्रजा ख्रिस्ती झाली. जुन्या देवांच्या लाकडी मूर्ती जाळल्या गेल्या; ज्या थोड्या वाचल्या, त्या युरोपात पाठवल्या म्हणून वाचल्या. तू नावाच्या देवाची चार पायांची मूर्ती आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. मग बांधकामे सुरू झाली. प्रवाळाचे दगड कापून चर्च, शाळा, मठ, विणकामाच्या शाळा, पहाऱ्याचे बुरूज उभे राहिले. रिकितेआचे सेंट मायकेल कॅथेड्रल १८३९ ते १८४८ या काळात उभे राहिले. त्यात हजारावर माणसे सहज मावतात आणि वेदीवर मोत्याच्या शिंपल्यांची नक्षी आहे. फोटोत पाहिले तरी क्षणभर गप्प व्हायला होते.

पण चर्च भरायला माणसे उरली नाहीत. १८३०च्या दशकाअखेर दोन हजारांच्या घरात असलेली वस्ती १८८०च्या दशकात पाचशेच्या आसपास आली. दरम्यान १८४४ मध्ये फ्रेंच संरक्षण जाहीर झाले होते, १८८१ मध्ये बेटे रीतसर फ्रान्सला जोडली गेली. स्वतः लाव्हालला १८७१ मध्येच ताहितीला हलवण्यात आले, कारण मोत्यांचे व्यापारी आणि फ्रेंच अधिकारी या दोघांशीही त्याचे वाकडे आले होते. तेव्हापासून लाव्हालने वेठबिगारीने माणसे मारली असा एक पक्ष आहे, आणि तो नसता तर व्यापाऱ्यांनी बेट केव्हाच लुटून खाल्ले असते असा दुसरा.

माझे मत या दोन्हींच्या अध्येमध्ये पडते. एवढी माणसे दगड वाहून मरत नाहीत. ज्या समाजाने क्षय कधी पाहिलेला नाही, त्याला एकत्र आणून मठात, शाळेत, कोंदट खोलीत दाटीने झोपवले, पोटभर अन्नाऐवजी कामाचे तास वाढवले, की क्षयाला आणखी काही लागत नाही. लाव्हालच्या मनात खुनी हेतू होता असे मला वाटत नाही. तो मनापासून लिहीत होता, मोजत होता, अंत्यविधी करत होता. बेटाची जुनी परंपराही त्यानेच लिहून ठेवली. ज्या मूर्ती त्याच्या देखत जळल्या, त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते, त्यातले बरेचसे त्याच्याच वहीतून. ही वही पुस्तकरूपाने आली १९३८ मध्ये. त्याच वर्षी मांगारेवावरचा दुसरा मोठा ग्रंथ निघाला, तो ते रांगी हिरोआ उर्फ पीटर बक यांचा. हे गृहस्थ न्यूझीलंडचे, आई माओरी, आणि शिक्षणाने डॉक्टर. वैद्यकी सोडून ते मानववंशशास्त्राकडे वळले होते. १९३४ मध्ये ते मांगारेवाला गेले ते लाव्हालनंतर बरोबर शंभर वर्षांनी. निदान एका पॉलिनेशियन माणसाने तरी या बेटाची नाडी पाहिली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

दुसरी वेळ आपल्या हयातीतली. १९६० मध्ये फ्रान्सने पहिला अणुस्फोट अल्जीरियाच्या सहारा वाळवंटात केला. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर नवी जागा हवी झाली आणि नजर पॉलिनेशियावर गेली. तिथे स्वातंत्र्याची भाषा बोलणारे पुवानाआ आ ओओपा हे नेते १९५८ मध्येच तुरुंगात गेले होते आणि पुढे फ्रान्सला हद्दपार झाले होते. (त्यांची शिक्षा रद्द झाली २०१८ मध्ये, ते वारल्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी.) १९६४ मध्ये मोरुरोआ आणि फांगाताउफा ही दोन प्रवाळबेटे फ्रेंच सरकारला विनामूल्य देण्यात आली. मोरुरोआपासून मांगारेवा चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बेळगावहून पुणे ओलांडून थोडे पुढे.

२ जुलै १९६६. पहिला स्फोट, नाव 'आल्देबारान'. वारे ठरल्याप्रमाणे वाहिले नाहीत आणि ढग मांगारेवावर आला. गावकऱ्यांना कुणी घरात थांबा म्हटले नाही, भाजी खाऊ नका म्हटले नाही. काही दिवसांनी 'ला कोकीय' हे नौदलाचे जहाज आले, त्याने माती, पाणी, पालेभाजी, मासे यांचे नमुने घेतले. त्या जहाजावरून गेलेल्या अहवालात जे सुचवले होते, ते वाचून मी पान दोनदा उलटले: लोकांचा विश्वास उडू नये म्हणून खरे आकडे कदाचित कमी करून सांगावे लागतील. हा कागद लोकांसमोर यायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. मधल्या काळात, ८ ऑगस्ट १९७१ रोजी, 'फेबे' या स्फोटाचा ढगही गांबिएवर आला. १९७४ पर्यंत हवेत आणि नंतर १९९६ पर्यंत जमिनीखाली, असे एकूण १९३ स्फोट झाले. रिकितेआत पुढे गावकऱ्यांसाठी आडोसा बांधला, तो पत्र्याचा. सैनिकांसाठी बांधला, तो काँक्रीटचा.

किरणोत्साराइतकीच मला गुंतवणारी गोष्ट माशांची आहे. मी जैन, मासा माझ्या ताटात कधी आला नाही. पण मांगारेवाच्या माणसाला मासा म्हणजे आपली भाकरी. साठच्या दशकाअखेरीपासून तिथे खडकातले मासे खाऊन माणसे आजारी पडू लागली. उलट्या, जुलाब, हातापायांना मुंग्या, आणि एक विचित्र लक्षण: गार पाणी हाताला लागले की भाजल्यासारखे वाटते. लक्षणाची अशी उलटापालट आमच्या शास्त्रात सोन्यासारखी जपतात. या रोगाचे नाव सिग्वातेरा. शिजवून विष जात नाही, आणि मासा दिसायला, चवीला अगदी चांगला असतो. ताहितीच्या मालार्दे संस्थेचे डॉक्टर रेमों बान्यीस आणि जपानी संशोधक यासुमोतो यांच्या चमूने १९७७ मध्ये गांबिएच्या पाण्यातच याचा उगम शोधला. मेलेल्या प्रवाळावर वाढणाऱ्या शेवाळाला चिकटणारा तो एक सूक्ष्म जीव. पुढे त्याला नाव मिळाले 'गांबिएर्डिस्कस', म्हणजे विषाला बेटाचेच नाव.

प्रवाळ मरतो वादळानेही. पण लष्कराने केलेले खोदकाम, धक्के, विमानतळाची धावपट्टी, जहाजांची वर्दळ यांनीही तो मरतो. १९८९ मध्ये टिलमन रफ या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये हा संबंध मांडला. तो शंभर टक्के सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही. पण ज्या बेटाच्या भाजीत विष पडले, त्याच बेटाच्या माशातही त्याच दशकात विष आले, हे दुहेरी दुखणे दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला नजरेआड करता येत नाही.

आता हिशेबाचे. ५ जानेवारी २०१० रोजी फ्रान्सने नुकसानभरपाईचा कायदा केला. २ जुलै १९६६ ते ३१ डिसेंबर १९९८ या काळात पॉलिनेशियात राहिलेला आणि यादीतल्या कर्करोगांसारख्या आजारांपैकी एखादा झालेला माणूस अर्ज करू शकतो. पण 'धोका नगण्य' असे म्हणून जवळजवळ सगळे अर्ज फेटाळले गेले. २०१७ मध्ये ते शब्द कायद्यातून काढले. २०१८ अखेरीस वर्षाला एक मिलीसिव्हर्टची अट आली. म्हणजे तुमच्या अंगात त्या वर्षी किती किरणोत्सार गेला, यावर सारे ठरणार. आणि तो आकडा येणार कुठून? फ्रेंच अणुऊर्जा आयोगाने २००६ मध्ये केलेल्या हिशेबातून.

आमच्याकडे केस घ्यायला तास-दीड तास लागतो, म्हणून लोक थट्टा करतात. पण त्यात एक प्रश्न असतोच: पाणी कुठले पिता? २०२१ मध्ये सेबास्तियाँ फिलिप आणि तोमा स्तातियुस यांनी खुली झालेली लष्करी कागदपत्रे वाचून तो हिशेब पुन्हा मांडला. त्यांचे म्हणणे असे, की आल्देबारानच्या हिशेबात मांगारेवाची माणसे ओढ्याचे पाणी पितात असे धरले होते. प्रत्यक्षात तिथली कुटुंबे छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून पीत असत, आणि ढगातले जे काही पडायचे, ते आधी त्या टाकीत पडायचे. आयोगाला हे मान्य नाही. फ्रान्सच्या आरोग्य संशोधन संस्थेने त्याच वर्षी सांगितले, की स्फोट आणि आजार यांचा संबंध ठामपणे सिद्ध करता येत नाही, पण नाकारताही येत नाही. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्रों ताहितीत आले, फ्रान्सवर पॉलिनेशियाचे ऋण आहे असे म्हणाले, माफी मात्र मागितली नाही. कागद उघडण्याचे आश्वासन दिले आणि पुष्कळसे उघडलेही. ज्यांना १९६६ मध्ये त्या टाकीचे पाणी पाजले, ती मुले आज साठी ओलांडून गेली आहेत, आणि अर्ज करताना स्वतःचा आजार घेऊन ती त्या कागदांसमोर उभी राहतात.