शाळेची जागा : दिल्लीच्या वसाहतींमधल्या एका मोकळ्या चौकोनाचा इतिहास

"यंदा दिल्लीच्या इतिहासावर काहीतरी लिहा," असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा महादजी शिंदे असावेत, नाहीतर १८०३ ची पटपडगंजची लढाई. त्या विषयावर आपल्या मंडळात माझ्याहून जाणकार मंडळी आहेत. मी नोकरीभर नकाशे काढले. मला ठाऊक असलेला इतिहास १९४७ नंतरचा, आणि तोही प्लॉटचा. त्यातल्या एका प्लॉटशी आपल्या उत्सवाचा संबंध आहे, म्हणून हा लेख.

वसाहतीत नवी शाळा येणार म्हटले की रहिवाशांत दोन तट पडतात. एक म्हणतो, मुलांची सोय झाली. दुसरा म्हणतो, बसगाड्या, हॉर्न, सकाळी गेटसमोर गर्दी. घरांच्या मध्ये शाळेला परवानगी दिलीच कोणी? हा 'कोणी' नेमका कोण आणि त्याने ती केव्हा दिली, याचे उत्तर दिल्लीत तरी बरेच जुने आहे.

१९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आत होती. १९५१ साली ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी भराभर वसाहती उभ्या राहिल्या, मुले तंबूंत शिकू लागली. पाणी आणि मैला यांची व्यवस्था मात्र जुन्याच शहराच्या मापाची होती. १९५५ च्या अखेरीस नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलटे सरकून वजीराबादला, जिथून पिण्याचे पाणी उचलले जाई तिथे, मिसळले आणि शहरात काविळीची साथ आली. काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोक आजारी पडले. साथरोगाच्या पुस्तकांत ही साथ आजही शिकवतात. शहर असे आपोआप वाढू देऊन चालणार नाही, ही जाणीव सरकारला ज्या गोष्टींनी झाली त्यांत ही एक मोठी. १९५७ मध्ये दिल्ली विकास कायदा झाला, विकास प्राधिकरण म्हणजे आपले डीडीए स्थापन झाले, आणि १ सप्टेंबर १९६२ पासून दिल्लीचा पहिला मास्टर प्लॅन लागू झाला.

हा प्लॅन तयार करताना फोर्ड फाउंडेशनने तज्ज्ञांची एक तुकडी मदतीला दिली होती. तिचे प्रमुख होते अल्बर्ट मेयर हे अमेरिकन वास्तुकार. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याचे इंजिनियर म्हणून भारतात आले, पुढे उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यातल्या ग्रामविकास प्रकल्पाशी त्यांचे नाव जोडले गेले, आणि चंडीगडचा पहिला आराखडाही त्यांनीच केला. त्यांचे तरुण सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले आणि चंडीगडचे काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. चंडीगडला ज्यांचे नातलग आहेत त्यांनी तिथले सेक्टर पाहिलेच असतील : कडेने मोठे रस्ते, मधून हिरवा पट्टा, आणि शाळा त्या पट्ट्यात, म्हणजे मुलाला घरून शाळेत जाताना भरधाव वाहनांचा रस्ता ओलांडावा लागू नये.

ही कल्पना मात्र ना मेयर यांची ना कॉर्बुझिए यांची. १९२९ साली न्यूयॉर्क परिसराच्या नियोजनासाठी क्लॅरेन्स पेरी यांनी 'शेजार-घटक' मांडला. तो मांडताना त्यांनी सुरुवात घरांपासून केलीच नाही, शाळेपासून केली. एका प्राथमिक शाळेला जेवढी मुले लागतात, तेवढी मुले ज्या वस्तीत असतील तेवढीच एका घटकाची वस्ती. लहान मूल सुमारे पाव मैल चालेल, तेवढाच घटकाचा पसारा. शाळा मध्यभागी, मोठे रस्ते सीमेवर. मला हे पहिल्यांदा वाचले तेव्हा फार गंमत वाटली होती. आपण समजतो की घरे बांधून झाल्यावर उरलेल्या जागेत शाळा देतात. इथे शाळा आधी ठरते आणि घरे तिच्याभोवती मोजून बसवली जातात.

दिल्लीच्या १९६२ च्या प्लॅनने हाच हिशेब उचलला. प्राथमिक शाळेभोवती छोटी वस्ती, अशा काही वस्त्यांना मिळून हायस्कूल, त्याच्यावर बाजार, दवाखाना, कम्युनिटी हॉल. १ ऑगस्ट १९९० ला अधिसूचित झालेल्या दुसऱ्या मास्टर प्लॅनमध्ये तर आकडेच दिले आहेत : पाच हजार लोकांमागे एक प्राथमिक शाळा, जागा ०.४ हेक्टर, साडेसात हजार लोकांमागे एक सीनियर सेकंडरी शाळा, जागा १.६ हेक्टर, म्हणजे चार एकर.

आता परवानगीचे पाहू. मास्टर प्लॅनच्या मोठ्या नकाशावर फक्त रंग असतात. पिवळा म्हणजे निवासी. त्या पिवळ्यात शाळा वेगळी दिसतही नाही. त्याखाली झोनल प्लॅन, आणि त्याखाली वसाहतीचा ले-आऊट. ह्या शेवटच्या नकाशात प्रत्येक प्लॉट आखलेला असतो आणि त्यावर लिहिलेले असते : घर, दुकाने, पार्क, शाळा. निवासी भागात शाळा चालते, पण ले-आऊटमध्ये 'शाळा' लिहिलेल्या जागी. तसा प्लॉट असेल तर जमिनीचा वापर बदलण्याचा प्रश्नच येत नाही. नसेल, आणि हिरव्या पट्ट्यावर शाळा हवी असेल, तर कायद्याचे कलम ११-अ लागते : वर्तमानपत्रात जाहीर सूचना, हरकती, सुनावणी, आणि जमिनीच्या मूळ वापरातला बदल म्हणून केंद्र सरकारची मंजुरी.

पुण्या-मुंबईहून आलेल्यांना 'शाळेचे आरक्षण' हा शब्द परिचयाचा आहे. दोन्हींत एक मोठा फरक आहे. महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्याखाली आरक्षण पडते ते बहुधा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर. दहा वर्षांत ती जमीन घेतली नाही तर कलम १२७ नुसार मालक नोटीस देतो, आणि ठरावीक मुदतीत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण उठते. किती शाळांची मैदाने अशी गेली असतील! दिल्लीत प्राधिकरणाने जमीन आधीच संपादन केलेली, त्यामुळे शाळेचा प्लॉट वीस वर्षे पडून राहिला तरी शाळेचाच राहतो. पडून मात्र राहतो. मलबा टाकायला, क्रिकेटला, लग्नाच्या शामियान्याला.

आणि गणपतीला. आमची पश्चिम दिल्लीतली वसाहत १९८० च्या दशकातली. उत्सव सुरू झाला तेव्हा मंडपासाठी एवढी ऐसपैस जागा दुसरी नव्हती, आणि सलग दहा-अकरा वर्षे मूर्ती तिथेच बसली. नव्या पिढीला तर तो 'गणपती ग्राउंड' म्हणूनच माहीत होता. मग एके दिवशी तिथे पत्र्याचे कुंपण पडले आणि एका शिक्षण संस्थेची पाटी लागली. रहिवासी संघाची तातडीची सभा भरली. पार्क हिसकावला, कोणालाही न विचारता शाळा घुसवली, असा एकूण सूर. आपल्यातलेही बरेच जण त्यात होते. मंडप कुठे घालायचा ही चिंता खरी होती, तिला हसण्याचे कारण नाही.

मी ले-आऊटची प्रत घेऊन सभेला गेलो. त्यावर आमच्या घरांची गल्ली होती, आणि मधल्या चौकोनात स्पष्ट अक्षरांत 'शाळा'. तो नकाशा मंजूर झाला तेव्हा आमच्यापैकी एकाचेही घर उभे नव्हते. म्हणजे बदल शाळा मागत नव्हती, आम्ही मागत होतो. पार्क हवा असेल तर नकाशा बदलण्याचा अर्ज आम्हाला करावा लागणार होता. शेजारच्या ब्लॉकमधले एक निवृत्त सरदारजी म्हणाले, "मग वीस वर्षे ही जागा रिकामी का ठेवली?" याला माझ्याकडे उत्तर होते, पण ते लांबलचक होते. प्लॉट आखला की शाळा होत नाही. १९७३ च्या शालेय शिक्षण कायद्याखाली संस्थेने आधी शाळा काढण्याचा इरादा प्रशासनाला कळवायचा, त्या भागात शाळेची गरज आहे असा दाखला शिक्षण खात्याकडून घ्यायचा, खात्याने शिफारस करायची, मग जमीन वाटप, मग इमारतीचा नकाशा मंजूर, मग अग्निशमन, आणि शेवटी मान्यता. एकेका टेबलावर वर्ष सहज जाते.

सभेत मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. "अहो, विद्येची देवता ना ती? तिच्या मंडपासाठी शाळा अडवणार?" म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या, पण हिंदीवाल्यांनाही समजले असावे. अर्ज काही गेला नाही.

मला स्वतःला शाळा हवी होती. माझी मुलगी रिंग रोड ओलांडून बसने पाऊण तास प्रवास करून शाळेत जाई, आणि हिवाळ्याच्या धुक्यात ती परत येईपर्यंत घरात कोणाला चैन नसे.

शाळा झाली, चांगली झाली. पण पहिल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या फार थोड्या मुलांना तिथे प्रवेश मिळाला. बसगाड्या शहराच्या दुसऱ्या टोकाहून मुले आणू लागल्या. पेरी यांचा पाव मैल कागदावर राहिला. आता यात कायद्याची गंमत बघा. १९८१ च्या नझूल जमीन नियमांखाली शाळांना जागा बाजारभावाने नव्हे, आधी ठरवलेल्या सवलतीच्या दराने मिळत असे. त्या सवलतीच्या बदल्यात अनेक वाटपपत्रांत अटी होत्या : पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात, परवानगीशिवाय फी वाढवू नये, काहींमध्ये, परिसरातल्या मुलांना प्रवेश नाकारू नये, अशीही. या अटी वर्षानुवर्षे फायलीत झोपल्या. २००४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने गरीब मुलांच्या जागांची अट पाळायला लावली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॉडर्न स्कूलच्या खटल्यात वाटपाच्या अटी शाळांवर बंधनकारक असल्याचे सांगितले. पुढे उच्च न्यायालयाने नेमलेल्या गांगुली समितीने २००७ मध्ये नर्सरी प्रवेशासाठी गुणांची पद्धत सुचवली, तीत घराचे अंतर हा एक निकष होता. २०१७ मध्ये दिल्ली सरकारने प्राधिकरणाच्या जमिनीवरच्या शाळांनी जवळच्या मुलांना आधी घ्यावे असा आदेश काढला. उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पालकांनी शाळा निवडायची की नकाशाने, हा वाद तसा सोपा नाहीच.

हे सगळे झाले नकाशा असलेल्यांचे. आपल्यातले गलाई व्यावसायिक, विटा-आटपाडी-खानापूरकडून येऊन करोल बागेत आणि चांदणी चौकाच्या कुचा महाजनीत सोने गाळणारी मंडळी, त्यांतली कितीतरी कुटुंबे पुढे स्वस्त घरासाठी अनधिकृत वसाहतींत राहायला गेली. २०१९ च्या केंद्राच्या योजनेत अशा १७३१ वसाहती मोजल्या गेल्या. तिथे ले-आऊटच नाही, म्हणून मोकळा चौकोन नाही, म्हणून शाळा भरते ती शंभर यार्डांच्या घरात, एका जिन्याच्या तीन मजल्यांवर. परवानगीला आपण कटकट म्हणतो. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला दाट वस्तीतल्या शाळेच्या इमारतीत स्वयंपाकाच्या जागेतून आग लागली, शाकारलेले छप्पर पेटले, आणि ९४ मुले गेली. एकाच इमारतीत तीन शाळा, आणि बाहेर पडायची वाट अरुंद. सुटकेचा जिना कुठे, बंब कुठून येणार, हे विचारणारा कागद असतो तो यासाठी.

२००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवासी घरांतल्या दुकानांना सील लागू लागले तेव्हा घरात नर्सरी चालवणाऱ्यांचीही झोप उडाली. ७ फेब्रुवारी २००७ च्या तिसऱ्या मास्टर प्लॅनने पूर्वप्राथमिक शाळांना प्लॉटचा आकार आणि रस्त्याची रुंदी पाहून घरांत परवानगी दिली. त्याच प्लॅनमध्ये आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. सीनियर सेकंडरी शाळेची १.६ हेक्टर जागा ०.६ ते ०.८ हेक्टरवर आली. प्राथमिक शाळेची ०.४ होती ती ०.२ ते ०.४ झाली. जमीन महाग आहे, कारणे समजण्यासारखी आहेत. पण वर्ग कमी करता येत नाहीत, जिने कमी करता येत नाहीत. जे कमी होते ते मैदान. आमच्या चौकोनातली शाळा जुन्या मापाची आहे, म्हणून संध्याकाळी तिथे अजून फुटबॉल दिसतो. मंडप आता शेजारच्या कम्युनिटी हॉलमध्ये असतो, आणि जागा पुरत नाही म्हणून चपला रस्त्यापर्यंत येतात.