वाफेखालचं भांडं

बाजारातल्या चवदार कुसकुसचं खोकं फोडलं की आत दोनच गोष्टी असतात: कोरडे दाणे आणि मसाल्याची पुडी. हे खोकं टाळून साध्या जिनसांतून घरीच मिश्रण करून ठेवायचं, असं हल्ली अनेकांनी मनावर घेतलं आहे. आपण कारखान्यापूर्वीच्या काळाकडे परततो आहोत, अशी त्यामागची समजूत. ती निम्मीच खरी आहे. दाणे कारखान्याच्या कितीतरी आधीपासून उत्तर आफ्रिकेतल्या घराघरांत वाळवून भरून ठेवलेले असत. नवी आहे ती पुडी. ती आली एका भांड्याच्या जागी, आणि ते भांडं चुलीवरून का उतरलं हे पाहिल्याशिवाय घरच्या मिश्रणाचं खरं मोल कळत नाही.

कुसकुस हे धान्य नव्हे, रव्यापासून केलेला पदार्थ आहे. त्याला मुख्यतः लागतो ड्यूरम गहू. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा. मोठ्या लाकडी किंवा मातीच्या परातीत रवा पसरायचा, त्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं आणि उघड्या तळव्याने तो गोल गोल फिरवत राहायचा. ओलसर रव्याला बारीक पीठ चिकटतं, दाणा धरू लागतो. मग चाळण्यांमागून चाळण्या: फार मोठा गोळा मोडून परत परातीत, फार बारीक दाणा पुन्हा तळव्याखाली. शेवटी वाफवून किंवा तसाच उन्हात वाळवायचा. तुनिशियात वर्षाच्या या बेगमीला ‘ऊला’ म्हणतात. कापणीनंतरच्या उन्हाळ्यात आयाबाया, सुना आणि शेजारणी जमून ती करत. आपल्याकडे कुरडया-शेवयांची वाळवणं होतात, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा झटपट होणारं कोरडं अन्न साठवून ठेवण्याची युक्ती कारखानदाराची नव्हे.

या साठवणीत चव मात्र नसे. १३५२ मध्ये माली राज्यात हिंडलेला इब्न बतूता लिहितो, की तिथला प्रवासी सोबत शिधा घेत नाही. मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि थोडे सुगंधी जिन्नस घेतो. गावोगावच्या बायका त्यांच्या बदल्यात धान्य, दूध, कोंबड्या देतात. त्यात फोनिओ हे बारीक भरडधान्यही असे, आणि त्याचाच कुसकुस होई. धान्य एकीकडे, मीठ-मसाला दुसरीकडे. दोहोंची गाठ पडायची ती शिजवताना. माघरेबात, म्हणजे वायव्य आफ्रिकेत, ही गाठ घालून देण्यासाठी खास भांडं होतं. खाली रटरटणारा रस्सा, त्यात मांस, चणे, गाजर, भोपळा, कांदा. वर भोकं पाडलेल्या भांड्यात दाणे. दोन्ही भांड्यांच्या सांध्याला पिठात भिजवलेली फडक्याची पट्टी गुंडाळत, म्हणजे वाफ बाजूने निसटत नसे. दाणे दोन-तीनदा वाफवायचे, मधे परातीत काढून मोकळे करायचे, तूप किंवा ऑलिव्ह तेल चोळायचं आणि शेवटी तोच रस्सा वर ओतायचा. चव या रश्श्याची. तेराव्या शतकातल्या अंदालुसी पाकग्रंथांतही कुसकुस रसदार मांसासोबतच येतो.

विसाव्या शतकाच्या मध्याला दाणे वळणारी यंत्रं आली आणि पुढे कारखान्यातच वाफवून वाळवलेला कुसकुस सर्वत्र मिळू लागला. १९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाल्यावर तिथून फ्रान्सला गेलेल्यांनी आणि मजुरीसाठी गेलेल्या माघरेबी कुटुंबांनी त्याला युरोपात मोठं गिऱ्हाईक मिळवून दिलं. या दाण्यांवर उकळतं पाणी ओतलं की पाच मिनिटांत काम होतं. सोय मोठी, यात शंका नाही. पण वाफवणं संपलं तशी खालच्या भांड्याची गरजही संपली, आणि भांड्याबरोबर रस्सा गेला. उरलेली पोकळी भरायला पुडी आली: भरपूर मीठ, साखर, यीस्टचा अर्क, कांद्या-लसणाची भुकटी. पुडी म्हणजे वाळवलेल्या रश्श्याची नक्कल.

यावर कोणी म्हणेल, की हाताने वळलेला कुसकुससुद्धा प्रक्रिया केलेलाच; दळणं, वळणं, वाफवणं, वाळवणं यांत कमी प्रक्रिया ती कुठे? हरकत रास्त आहे. म्हणूनच पायऱ्या मोजण्यात अर्थ नाही, आत काय पडलं ते पाहावं. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार कुसकुस म्हणजे ड्यूरमचा रवा, पाणी आणि शिजवण्या-वाळवण्यासारखी क्रिया, एवढंच. कारखान्याचा साधा दाणा त्यामुळे आजीच्या परातीतल्या दाण्याहून फार वेगळा नाही. तो घरीच वळा असा आग्रह तर मुळीच धरू नये. २०२० मध्ये अल्जेरिया, मॉरितानिया, मोरोक्को आणि तुनिशिया यांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. पण सन्मानाच्या त्या कागदामागे बायकांचे अवघडलेले खांदे आणि पाठी आहेत. यंत्राने ते कष्ट वाचवले हे चांगलंच झालं.

दुसरी हरकत अधिक टोकदार आहे: कोरड्या दाण्यांत कोरडा मसाला घरी मिसळला, तरी ती पुडीचीच नक्कल नाही का? तशी ती आहे, पण तिला घरचा आधार आहे. तुनिशियात धणे, शहाजिरं, लसूण आणि मिरची वाळवून, कुटून केलेलं ‘ताबिल’ घरात भरलेलं असतं. सेनेगलात बाजरीच्या कुसकुसमध्ये गोरखचिंचेच्या वाळलेल्या पानांची पूड मिसळतात. म्हणजे कोरडी चवही साठवणीतलीच. फक्त तिची बरणी वेगळी असे. घरच्या मिश्रणात या दोन बरण्या एकत्र येतात, एवढाच फरक: दाणे, भाजून भरडलेले जिरे-धणे, वाळवलेला कांदा, थोडी हळद, हवे तर बेदाणे. मीठ बेतानेच घालावं, कारण एकदा मिसळलेलं मीठ परत काढता येत नाही. आणि तेल-तूप बरणीत घालूच नये, ते खवट होतं.  कारखान्याच्या अनेक खोक्यांवरही लोणी किंवा तेल तुमचं तुम्ही घाला असं छापलेलं असतं. वाटीभर मिश्रणाला वाटीभर उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण, मग चमचाभर तेल घालून दाणे हाताने मोकळे करायचे. आणि घरात आदल्या दिवशीचा भाजीचा किंवा मटणाचा रस्सा उरला असेल, तर पाण्याऐवजी तोच उकळून ओतावा. मग मसाला निम्मा पुरतो.