टपाली मतदान : हक्क आणि आडोसा

इंग्रजीतील ‘बॅलट’ हा शब्द लहान गोळी या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आलेला आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकात मत देणारा पेटीत गोळी टाकीत असे, आणि ती पडताना आवाज होऊन शेजाऱ्यास मत कळू नये म्हणून गोळी कापडाची करीत. मत कसे द्यावयाचे या प्रश्नाबरोबरच ते कोणाच्या नजरेआड द्यावयाचे हा प्रश्नही या शब्दाच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे. मराठीत आपण ‘मतपत्रिका’ म्हणतो. त्या शब्दात गोळीही नाही आणि पेटीही नाही, केवळ कागद आहे. टपालाने मत देण्याच्या पद्धतीत नेमके हेच घडते. कागद तेवढा मतदाराच्या हाती येतो. पेटी, पडदा आणि पहारा ही सर्व मतदान केंद्रावरच राहतात. या पद्धतीचे गुणदोष तपासावयाचे तर पडद्याचे काय झाले, हे प्रथम पाहावयास हवे.

शासनाने छापलेली एकसारखी मतपत्रिका आणि ती भरण्यासाठी आडोसा, ही आज सर्वत्र रूढ असलेली व्यवस्था १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींत सुरू झाली. ब्रिटनने ती १८७२ मध्ये स्वीकारली. जमीनदारासमोर व मालकासमोर उघडपणे मत सांगण्याच्या जुन्या रीतीला त्यामुळे आळा बसला. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. आडोशात एकट्याने जाणे ही मतदाराला दिलेली केवळ मुभा नव्हती, ते त्याच्यावर घातलेले बंधन होते. त्याने स्वतः होऊन आपले मत दुसऱ्यास दाखवावयाचे म्हटले तरी ते त्याला शक्य नव्हते. आणि म्हणूनच ते दाखविण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करू शकत नव्हते.

ज्या देशाने जगाला हा आडोसा दिला, त्याच देशात टपाली मतदानावरून पहिला मोठा वाद झाला, हे लक्षणीय आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९०२ च्या संघीय निवडणूक कायद्यात टपाली मतदानाची तरतूद होती. १९११ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ती रद्द केली. घरी भरलेल्या मतपत्रिकेवर मालकाचा वा प्रतिष्ठिताचा दाब पडतो, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. मतदान केंद्रापासून दूर राहणारे शेतकरी, रुग्ण आणि प्रसूती जवळ आलेल्या स्त्रिया यांचा हक्क यामुळे बुडतो, असा विरोधकांचा आक्षेप होता. १९१८ मध्ये ही तरतूद पुन्हा आली. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या परीने खरे होते, आणि दोघांच्याही म्हणण्यात स्वतःच्या मतांचा हिशेब होता, हेही नाकारता येत नाही. फ्रान्सची गोष्ट अधिक विचित्र आहे. विशेषतः कॉर्सिकातील गैरप्रकारांमुळे तेथे १९७५ अखेरच्या कायद्याने टपाली मतदान बंद झाले, आणि त्याऐवजी दुसऱ्यामार्फत मत देण्याची सोय वाढविण्यात आली. म्हणजे ज्याची गुप्तता धोक्यात होती त्या मतदाराला असे सांगण्यात आले की, आपले मत एका माणसास सांगून टाका आणि त्याच्यावर विश्वास ठेवा!

भारतात ही पद्धत आरंभापासून आहे, तथापि ती सर्वांसाठी कधीच नव्हती. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६० नुसार ती ठराविक वर्गांपुरती ठेवण्यात आली. त्यात सैन्यदलांतील सेवा मतदार, निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी, प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेले लोक इत्यादींचा समावेश होतो. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे आणि मतदार कोरा कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकी. टपालाने पेटी पाठविता येत नसल्यामुळे टपाली मतदाराला मात्र कागदावरच खूण करावी लागे. कागदावर खूण करण्याची रीत १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक सर्वत्र आली, याचा अर्थ टपाली मतदार तिचे आधीपासूनचे वाटसरू होते.

निवडणूक घेण्याबाबतच्या १९६१ च्या नियमांनी यासाठी जी योजना केली ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. मतपत्रिका एका लहान पाकिटात बंद करावयाची. ते पाकीट आणि मतदाराचे स्वाक्षरी केलेले घोषणापत्र ही दोन्ही मोठ्या पाकिटात घालून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पाठवावयाची. मोजणीच्या वेळी प्रथम घोषणापत्र तपासले जाते. ते नसेल, त्यावरील स्वाक्षरी यथायोग्य नसेल किंवा क्रमांक जुळत नसेल, तर आतील पाकीट उघडलेच जात नाही. ओळख बाहेरच्या पाकिटात आणि मत आतल्या पाकिटात, अशी ही कागदाने केलेली पडद्याची नक्कल आहे. ती हुशारीची आहे, परंतु अपुरी आहे. पाकीट बंद झाल्यानंतरची गुप्तता ती राखते. पाकीट बंद होण्यापूर्वी मतदाराच्या शेजारी कोण बसले होते, याविषयी ती काहीच सांगू शकत नाही. शिवाय घोषणापत्रावर अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. सैनिकाच्या बाबतीत हा अधिकारी बहुधा त्याचाच वरिष्ठ असतो. तो खूण पाहत नाही, केवळ स्वाक्षरी पाहतो. परंतु त्याच्यापुढे उभे राहणे हा काही आडोसा नव्हे.

या कायद्याच्या भाषेतील एक तपशील येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. सेवा मतदारासोबत राहणाऱ्या ‘पत्नी’लाही हा हक्क होता, ‘पती’ला नव्हता. सैन्यात अधिकारी असलेल्या स्त्रीच्या नवऱ्याला टपाली मत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पत्नी’च्या जागी पती किंवा पत्नी दोघांनाही लागू पडणारा शब्द घातला. एका नामाच्या लिंगामुळे कित्येकांचा हक्क सत्तर वर्षे अडून राहिला होता.

या पद्धतीचा दुसरा दोष वेळेचा. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याखेरीज मतपत्रिका छापता येत नाही. त्यानंतर मतदानापर्यंत पूर्वी किमान वीस दिवस मिळत. १९९६ च्या दुरुस्तीने ते चौदा झाले. प्रचाराचा खर्च व गोंगाट कमी झाला हे इष्टच, परंतु सीमेवरील ठाण्यापर्यंत कागद जाऊन परत येण्याचा अवधीही तेवढाच आटला. मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या घटकेनंतर पोचलेले पाकीट मोजले जात नाही. सैनिकांना २००३ मध्ये प्रतिनिधीमार्फत मत देण्याचा पर्याय मिळाला, म्हणजे फ्रान्सचीच वाट. २०१६ पासून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठविण्याची सोय झाली, त्यामुळे जाण्याचा प्रवास वाचला. परतीचा मात्र टपालानेच राहिला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे १८ लक्ष सेवा मतदारांपैकी १० लक्ष ८४ हजारांच्या आसपास मतपत्रिका परत आल्या.

एवढ्या थोड्या मतांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणास वाटेल. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतील मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल त्याला उत्तर देतो. मतदान यंत्रांवरील मतांत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती. टपाली मते अनुक्रमे १,५०१ व १,५५० निघाली, आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. या मतदारसंघात बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका १११ होत्या. त्या बाद ठरविण्यात चूक झाली असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु केंद्रावर यंत्राचे बटण दाबणाऱ्याचे मत स्वाक्षरी चुकली म्हणून बाद होत नाही, टपाली मतदाराचे होते. मत देण्याबरोबरच एक लहानसा दस्तऐवज निर्दोष भरण्याची परीक्षाही त्याला द्यावी लागते.

अलीकडील दोन बदल मात्र या इतिहासाची दिशाच पालटणारे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये नियमांत भर घालून निवडणूक कर्मचाऱ्यांनी आपली टपाली मतपत्रिका सुविधा केंद्रातच घ्यावी, तेथेच भरावी आणि तेथेच परत द्यावी, असे ठरविण्यात आले. पूर्वी ती कित्येक दिवस त्यांच्याजवळ राहत असे, आणि त्या अवधीत तिच्यावर कोणाकोणाची दृष्टी पडे हे सांगणे कठीण होते. दुसरा बदल वृद्धांविषयीचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐंशी वर्षांवरील व अपंग मतदारांना ही सवलत मिळाली. जून २०२० मध्ये वयाची अट पासष्टपर्यंत खाली आणणारी दुरुस्ती झाली, ती वादग्रस्त ठरून टिकली नाही. मार्च २०२४ मध्ये अट उलट पंच्याऐंशीवर नेण्यात आली.

या घरपोच मतदानाला नियमात ‘टपाली’ म्हणतात, परंतु टपालखात्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मतदान पथकच घरी जाते, चित्रीकरण होते, उमेदवारांना आगाऊ वेळ कळविली जाते म्हणजे त्यांचे प्रतिनिधी हजर राहू शकतात, आणि घरातच आडोसा उभा करून त्यामागे मत घेतले जाते. १८५६ चा पडदा अशा रीतीने मतदाराच्या ओसरीवर आला आहे. मत घेण्याच्या क्षणी घरच्यांना दूर ठेवण्याचे काम येथे शासनाचा माणूस करतो, जे पाकिटाच्या कागदाला जमत नव्हते. उलट बाजूने पाहिले तर अंथरुणावरच्या वृद्धाभोवती अधिकारी, छायाचित्रकार व पक्षांची माणसे जमतात, आणि याला एकांत म्हणावे काय असा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखकाला बंद दाराआड कुटुंबप्रमुखाने भरलेल्या कागदापेक्षा ही गर्दी बरी वाटते. निदान तिच्यावर नियम लागू आहेत. पहिल्या भेटीत मतदार घरी सापडला नाही तर पथक आणखी एकदा येते, तिसऱ्यांदा येत नाही. यादीत त्याच्या नावापुढे टपाली मताची खूण झालेली असल्यामुळे मतदानाच्या दिवशी नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन तो केंद्रापर्यंत पोचला, तरी त्याला तेथे मत देता येत नाही.