एअर प्युरिफायरमधून वास येतोय? वास यंत्राचा, घरातला की बाहेरचा, ते आधी ओळखा

पनवेल : तळोजा, खारघर, कामोठे, कळंबोली या पट्ट्यात आता बऱ्याच घरांत कोपऱ्यात हवा शुद्ध करण्याचं यंत्र, म्हणजे एअर प्युरिफायर उभा असलेला दिसतो. कुणाकडे दम्याचं म्हातारं माणूस आहे, कुणाकडे सतत खोकणारं लहान मूल. नोकरीवरच्या मुलाने गावठाणातल्या घरी आई-वडिलांसाठी पाठवून दिलेली यंत्रंही आहेत. पण सहा-आठ महिने झाले की एक तक्रार हमखास ऐकू येते : हवा साफ करायला आणलं, आणि आता त्यातूनच वास मारतो. मग कुणी त्यावर अत्तर फवारतो, कुणी फिल्टर नळाखाली धरतो, कुणी वैतागून यंत्र माळ्यावर टाकतो. तिन्ही उपाय चुकीचे आहेत.

हे दोन वास आले तर यंत्राचा विचार नंतर

पहिला वास स्वयंपाकाच्या गॅसचा. सिलिंडरच्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. तो वास आला तर प्युरिफायरचं बटण लावायचं नाही, आणि चालू असेल तर बंदही करायचं नाही, कारण बटण दाबतानाची ठिणगीसुद्धा पुरते. रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांनी बाहेर पडावं आणि बाहेरून १९०६ या एलपीजी गळतीच्या नंबरवर फोन करावा. पाइपचा गॅस असेल तर बिलावर कंपनीचा तातडीचा नंबर छापलेला असतो. प्युरिफायर गॅसगळतीवर काहीही करू शकत नाही.

दुसरा वास जळका किंवा मासळीसारखा. मासळीचं वाचून आगरी-कोळी घरात कुणी हसेल, कारण तिथे जवळा, बोंबील, सुकट यांचा वास कायमचाच. पण ज्या दिवशी घरात मासळी नाही आणि भिंतीतल्या सॉकेटजवळ मात्र कुजक्या मासळीसारखा वास येतो, त्या दिवशी सावध व्हावं. प्लग-सॉकेटचं काही प्रकारचं प्लॅस्टिक आतून तापलं की असाच वास सुटतो. प्युरिफायर फार वीज खात नाही, साधारण पंख्याएवढीच. त्यामुळे प्लग गरम लागत असेल तर बहुतेक वेळा दोष सैल सॉकेटचा असतो, नाहीतर त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री किंवा शेगडी लावलेली असते. अशा वेळी प्लगला हात न लावता मेन स्विच पाडावा आणि वायरमनला बोलवावं. जळका वास यंत्राच्या आतूनच येत असेल तर मोटर किंवा आतली वायर गेली असं समजून ते परत चालू करू नये.

यंत्राच्या पोटात काय असतं

झाकण उघडलं की सहसा तीन थर दिसतात. सर्वांत बाहेर जाळी, म्हणजे प्री-फिल्टर. ती केस, कापूस, मोठी धूळ अडवते. मग घड्या घातलेला पांढरा हेपा फिल्टर. त्याचं काम बारीक कण पकडणं. अस्सल हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, एवढं बारीक त्याचं काम आहे. पण वास हा कण नसतो, तो वायू असतो. हेपातून तो आरपार जातो. वास धरण्याचं काम तिसऱ्या थराचं, म्हणजे काळ्या कार्बनचं.

हा कार्बन म्हणजे खास भाजलेला कोळसा. नारळाच्या करवंटीपासूनही तो बनवतात. भाजताना त्यात इतकी बारीक छिद्रं पडतात की एक ग्रॅम कोळशाच्या आतली सगळी जागा पसरली तर पाच गुंठ्यांहून जास्त भरते. वासाचे वायू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. आता पाच गुंठे ऐकायला खूप वाटतात, पण स्वस्त यंत्रांत कार्बन म्हणजे स्पंजाच्या पातळ पट्टीवर फवारलेली काळी पूड असते. ती लवकर भरते. हातात घेतल्यावर जड लागणारा, आत कोळशाचे दाणे खुळखुळणारा फिल्टर जास्त दिवस टिकतो. दुकानात यंत्र बघताना वजनाचा हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण विचारावा.

भरलेला कार्बन नुसता निकामी होऊन गप्प बसत नाही. हवा गरम किंवा दमट झाली की धरून ठेवलेला वास तो परत सोडू लागतो. आठ महिन्यांपूर्वीची फोडणी, उदबत्ती, कासवछाप धूर, सगळं एकत्र आंबट होऊन बाहेर येतं. यंत्रातून येणाऱ्या वासाचं हे मोठं कारण आहे आणि त्याला नवीन फिल्टर हाच उपाय आहे. कार्बन उन्हात ठेवल्याने वास थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, पण तो पुन्हा नव्यासारखा होत नाही. कारखान्यात त्याला शेकडो अंश तापवूनच परत कामाला लावतात.

पावसाळ्याचा कुबट वास

नवी मुंबईत खरी अडचण जून ते सप्टेंबरची. दिल्लीसाठी लिहिलेले सल्ले इथे लागू पडत नाहीत. इथल्या हवेत पावसाळ्यात इतका दमटपणा असतो की कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते, मग फिल्टरवर का नाही चढणार? त्यावर अडकलेली धूळ, त्वचेचा कोंडा, केस हे बुरशीचं खाद्यच आहे. यंत्रातून ओल्या गोणपाटासारखा किंवा जुन्या गोधडीसारखा वास आला तर तो बुरशीचा.

यात दोन चुका नेहमी होतात. एक, पाऊस सुरू झाला की हवा स्वच्छ आहे म्हणून यंत्र बंद करून फिल्टर आतच ठेवतात आणि थेट दिवाळीच्या फटाक्यांच्या वेळी चालू करतात. चार महिने आत ओल धरलेली असते, पहिल्या दहा मिनिटांत सगळी खोली कुबट होते. यंत्र बंद ठेवायचं असेल तर फिल्टर कोरडा असताना, म्हणजे पावसाच्या आधीच, बाहेर काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून ठेवावा.

दुसरी चूक धुण्याची. बाहेरची जाळी धुता येते. ती दर दोन-तीन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवावीच. क्रशर, खदान किंवा चालू बांधकाम जवळ असेल तर दर आठवड्याला. पण धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्यावी. जुलैमध्ये त्याला एक दिवससुद्धा पुरत नाही, पंख्याखाली ठेवावी लागते. अर्धवट ओली जाळी बसवली की दोन दिवसांत आंबट वास आलाच समजा. हेपा आणि कार्बन मात्र, कंपनीने पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं नसेल तर, धुवायचे नाहीत. हेपा ओला झाला की त्याचे तंतू बिघडतात, दिसायला स्वच्छ दिसतो पण कण अडवत नाही. घरात दम्याचा माणूस असेल तर अशा धुतलेल्या फिल्टरचा भरवसा धरू नये. बुरशी चढलेला फिल्टर झटकूही नये. तोंडाला रुमाल बांधून, पिशवीत गाठ मारून टाकून द्यावा. आतला डबा कोरड्या, मग किंचित ओल्या फडक्याने पुसून वाळवावा, अर्थात प्लग काढून.

काही यंत्रांत हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकीही असते. कोकणात तिची गरज काय, हा प्रश्नच आहे. पाणी दोन दिवस साचलं तरी वास मारतं. टाकी रिकामी करून कोरडी ठेवणं बरं.

नवीन यंत्राचा वास

नवीन यंत्राला प्लॅस्टिकचा, गोंदाचा वास पहिले काही दिवस येतो. खिडकी उघडी ठेवून जोरात चालवलं की तो उतरतो. त्याआधी एकदा झाकण उघडून बघावं. बऱ्याच यंत्रांत फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आत बसवलेला येतो. पिशवी काढायची असते, हे कुणी सांगत नाही आणि पुस्तिका कुणी वाचत नाही. मग यंत्र महिनोन्‌महिने नुसतंच घुमतं, हवा शुद्ध होत नाही आणि मोटरही उगाच तापते.

झेरॉक्सच्या दुकानासारखा वास

वीज कडाडल्यावर किंवा झेरॉक्स मशिनजवळ जो तिखट, नाकात झोंबणारा वास येतो, तसा यंत्रातून आला तर तो ओझोन वायू असू शकतो. काही यंत्रांत आयोनायझर किंवा प्लाझ्मा नावाचं बटण असतं, त्यातून तो थोडा तयार होतो. ओझोन फुफ्फुसाला त्रास देतो, दमेकऱ्याला जास्तच. ते बटण बंद ठेवावं, हेपा आणि कार्बनचं काम त्याशिवाय चालतं. वास घालवणारं मशीन म्हणून मुद्दाम ओझोन सोडणारी यंत्रंही ऑनलाइन मिळतात. माणसं राहत असलेल्या खोलीत ती लावू नयेत.

वास घरचाच असेल तर

ओळखायला सोपा मार्ग आहे. यंत्र बंद करून प्लग काढावा, अर्धा तास खोली बंद ठेवावी आणि तोवर बाहेर थांबावं. घरात बसलेल्या नाकाला वास कळेनासा होतो, म्हणून बाहेरून आलेल्या नाकानेच हुंगावं, शेजारणीला बोलावलं तर आणखी चांगलं. नंतर फिल्टर काढून गच्चीवर नेऊन हुंगावा. फिल्टरला वास असेल तर फिल्टर दोषी. फिल्टर साफ आणि खोलीला वास असेल तर मोरीची जाळी, फ्रिजमागचं तबक, ओला माळा बघावा. पंख्यात मेलेली पालही निघू शकते, तेवढं टॉर्च मारून पाहावं.

स्वयंपाकघरात प्युरिफायर ठेवू नये. तेलाची वाफ फिल्टरवर बसते आणि खवट होते. देवघरासमोर धूप, कापूर पेटलेला असताना, फरशी फिनाइलने पुसताना किंवा ढेकणांचं औषध मारलेल्या दिवशी यंत्र बंद ठेवून खिडक्या उघडाव्यात. नाहीतर कार्बन एका दिवसात महिन्याचं काम करून बसतो. फिल्टरवर अत्तर किंवा निलगिरी तेल टाकणं म्हणजे तोच प्रकार.

आणि वास एमआयडीसीचा असेल तर

नावडे, तोंडरे, पडघे, वलप, तळोजा पाचनंद इथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रात्री उशिरा किंवा पहाटे, विशेषतः थंडीत, रसायनाचा वास येतो आणि सकाळी उन्हं वर आली की जातो. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर उठत नाही. त्यात जे सोडलं ते तिथेच रेंगाळतं. रात्रीचा मंद वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो, त्याबरोबर ते वस्तीवर येतं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांचीही हीच तक्रार असते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीतली निळी झालेली कुत्री देशभर बातमीत आली होती, आणि कासाडी नदीचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

अशा रात्री प्युरिफायरचा दिवा हिरवाच राहतो आणि घरातले म्हणतात यंत्र बिघडलं. यंत्र बिघडलेलं नसतं. बऱ्याच यंत्रांचा सेन्सर फक्त धूळ मोजतो, वायू नाही. मोबाइलवरच्या हवेच्या निर्देशांकाचंही असंच आहे. सरकारी निर्देशांकात आठ घटक धरतात : पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. कारखान्यातल्या सॉल्व्हंटची वाफ किंवा सडक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइड त्यात येत नाही. म्हणून आकडा चांगला आणि डोळे मात्र चुरचुरतात, असं होऊ शकतं. अर्थात सडक्या अंड्याचा प्रत्येक वास कारखान्याचा नसतो. ओहोटीला खाडीतला, तिवरांखालचा चिखल उघडा पडला की तोही तसाच वास सोडतो. वास ओहोटीच्या वेळेबरोबर रोज पुढे सरकत असेल तर तो खाडीचा.

वास आला की खिडक्या बंद करून, दाराखाली फडकं लावून एकाच खोलीत यंत्र चालवलं आणि कार्बन ताजा असला तर थोडा आराम मिळतो. यापलीकडे घरातलं यंत्र काही करू शकत नाही, आणि त्या रात्रींनी फिल्टरही लवकर संपतो. डोळ्यांची आग, उलटी, छाती भरणं असं झालं तर यंत्रासमोर बसून न राहता दवाखाना गाठावा.

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची. केंद्रीय मंडळाच्या समीर ॲपवरूनही ती नोंदवता येते. खारघर, कामोठे, कळंबोली आणि तळोज्याचा भाग पनवेल महापालिकेत येतो, नवी मुंबई महापालिकेत नाही, हे लक्षात ठेवावं, नाहीतर अर्ज इकडून तिकडे फिरतो. वास सकाळी अधिकारी येईपर्यंत उरत नाही, म्हणून वही महत्त्वाची. तारीख, वास सुरू आणि बंद झाल्याची वेळ, वारा कुठून होता, वास कशासारखा, कुणाला काय त्रास झाला, एवढं त्याच रात्री लिहावं. एका घराच्या वहीपेक्षा आळीतल्या पाच घरांच्या वह्यांत तीच तारीख आणि तीच वेळ निघाली तर तिला वजन येतं.

फिल्टर बदलताना पुस्तिकेतल्या ‘एक वर्ष’ या आकड्यावर फार विसंबू नये. अनेक यंत्रं फक्त चाललेले तास मोजून दिवा लावतात, हवा किती घाण होती ते त्यांना कळत नाही. तळोज्याच्या बाजूला नाक हाच खरा दिवा. ऑनलाइन स्वस्त मिळणारे नकली फिल्टर दिसायला तसेच असतात, पण त्यांच्या कडेची रबरी पट्टी नीट बसत नाही आणि हवा बाजूने निसटते. बिल घ्यावं, फिल्टरवर बसवल्याची तारीख पेनाने लिहावी. नवीन फिल्टर टाकूनही यंत्र वास मारत असेल आणि कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं, फक्त बिल आणि यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा क्रमांक हाताशी ठेवावा.