काठोकाठ भरलेला पाझर तलाव

कॉलेजातला अध्यापक कसा शिकवतो हे विद्यार्थ्यांनी सत्राच्या शेवटी भरलेल्या फॉर्मवरून कळते, या मताला आज कुणी मत म्हणत नाही. ती वहिवाट झाली आहे. मार्च उजाडला की मोबाइलवर लिंक येते, आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, समन्वयकांकडे सरासरी निघते आणि भौतिकशास्त्राच्या मास्तरांच्या नावापुढे ३.६ असा काहीतरी आकडा छापून फायलीत जातो. पुढच्या वर्षी तो ३.८ झाला की शिकवणे सुधारले असे समजायचे. मला हे मान्य नाही. पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष असा. वर्गात रोज बसतो तो विद्यार्थी. प्राचार्य दारावरून जातात. कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती दोन-तीन दिवसांत रांगोळ्या, सत्कार आणि फायली उरकून परतते. मास्तर वेळेवर येतात का, फळ्याशी बोलतात की वर्गाशी, शंका विचारली की अंगावर येतात का, हे विद्यार्थ्याइतके कुणालाच ठाऊक नसते. शिवाय शिक्षकाला जाब विचारण्याची रीत आपल्याकडे कधी नव्हतीच. फॉर्मने निदान ती आणली. आणि संशोधनाचाही आधार आहे. १९८१ मध्ये पीटर कोहेन यांनी तोवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. तीत विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांना परीक्षेत मिळालेले गुण यांचा संबंध बऱ्यापैकी दिसला, सहसंबंध ०.४ च्या आसपास. जगभरच्या विद्यापीठांनी पुढची तीसेक वर्षे याच आकड्यावर भिस्त ठेवली.

पहिल्या दोन मुद्द्यांवर माझा वाद नाही. वेळेवर न येणारा, मुलींना घालूनपाडून बोलणारा, जर्नल तपासायला महिने लावणारा मास्तर फॉर्ममध्ये सापडतो आणि सापडावाच. वाद तिसऱ्या मुद्द्यावर आहे. फॉर्मवरून शिक्षकाचे वागणे कळते. शिकणे कळत नाही. या दोन गोष्टी एकच धरल्या की काय होते, ते समजून घ्यायला आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातच, पारनेर तालुक्यात जावे. राळेगणसिद्धीला.

राळेगण हे वर्षाला चार-पाचशे मिलिमीटर पावसाचे गाव. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून परतले तेव्हा गावात सरकारी पाझर तलाव होता, पण तो पाणी धरत नव्हता. गावकऱ्यांनी श्रमदानाने तो दुरुस्त केला आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. पुढे समतल चर, नालाबांध, झाडे, चराईबंदी असे सगळे आले. त्याबद्दल इतके लिहून झाले आहे की मी त्यात भर घालत नाही. मला रस आहे तो त्या तलावाच्या भौतिकशास्त्रात. शैक्षणिक सहली तिथे येतात, मुले बांधावर उभी राहून फोटो काढतात, आणि तलाव तुडुंब असला तर ‘काम झकास झालंय’ म्हणतात. पाझर तलावाच्या बाबतीत ही परीक्षा उलटी आहे. पावसाळ्यात साठलेले पाणी तळातून मुरमात, मुरमाखालच्या बेसाल्टच्या भेगांत उतरावे आणि साधारण फेब्रुवारीपर्यंत तलाव रिता व्हावा, हे त्याचे काम. एप्रिलमध्येही तो काठोकाठ दिसला तर समजावे की तळाशी गाळ बसला आहे, पाणी खाली जात नाही. ऊन त्याची वाफ करते आणि आपल्या कोरड्या हवेत उघडे पाणी वर्षाला दीड-दोन मीटर असे उडून जाते. बांधातून गळणे वाईट, तळातून मुरणे चांगले, आणि वरून पाहणाऱ्याला दोन्हींत पाणी कमीच झालेले दिसते. खरी मोजणी खालच्या विहिरीत दोर सोडून करायची असते, तीही काही महिन्यांनी.

सत्राच्या शेवटचा फॉर्म म्हणजे बांधावरून काढलेला फोटो आहे.

हे केवळ उपमेवर सोडायचे नाही, कारण विहिरीत दोर सोडून पाहणारे लोक निघाले. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना तुकड्या निवडता येत नाहीत. त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या जातात. अभ्यासक्रम एक, प्रश्नपत्रिका एक, आणि पुढच्या वर्षांचे गणित-विज्ञानाचे विषय सर्वांना सक्तीचे. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये तिथला अनेक वर्षांचा हिशेब मांडला. ज्या अध्यापकांच्या मुलांना त्या सत्रात जास्त गुण पडले आणि ज्यांना मुलांनी फॉर्ममध्ये चांगले म्हटले, त्यांची मुले पुढच्या विषयांत सरासरीने मागे पडली. अनुभवी प्राध्यापकांच्या बाबतीत उलटे: सत्रात गुण कमी, फॉर्मवर नाराजी, पण पुढे कॅल्क्युलसवर उभ्या असलेल्या विषयांत मुले तगली. कोहेन यांच्या आकड्याचे काय झाले? २०१७ मध्ये बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी तीच सामग्री नव्याने तपासली. मोठे सहसंबंध आले होते ते मुख्यतः तुकड्या थोड्या असलेल्या छोट्या अभ्यासांतून. हा दोष काढल्यावर संबंध जवळजवळ नाहीसा झाला. बाई शिकवत असतील तर त्यांना त्याच कामाचे कमी गुण पडतात, हेही फ्रान्समधल्या आकडेवारीवरून दिसले आहे. आमच्या विभागांतल्या सहकारी बायकांना त्यासाठी फ्रान्सला जायची गरज वाटणार नाही.

भौतिकशास्त्रात हा घोटाळा जास्त खोल आहे, कारण या विषयात मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. चुकीची समजूत त्याच्या हातापायांत आधीपासून मुरलेली असते. एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गाला विचारा: चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला पोचला, त्या क्षणी त्याचे त्वरण किती? बारावीला भौतिकशास्त्रात नव्वदच्या पुढे गुण घेतलेली मुले ठामपणे ‘शून्य’ म्हणतात. वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य. हीच मुले गतीची तिन्ही समीकरणे घडाघडा म्हणतात आणि त्यांवरची गणिते सोडवतात. त्यांच्या मास्तरांना ‘संकल्पना स्पष्ट करतात’ या रकान्यात पैकीच्या पैकी मिळालेले असतात, आणि मुले खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरच स्पष्ट वाटलेले असते.

हार्वर्डचे एरिक माझुर यांची गोष्ट भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना ठाऊक आहे. विद्यार्थ्यांच्या फॉर्मवर त्यांना उत्तम गुण होते, मुले अवघड गणिते सोडवत होती. मग त्यांनी डेव्हिड हेस्टेनिस वगैरेंची बळ आणि गती यांवरची साध्या प्रश्नांची चाचणी वर्गाला दिली. एका विद्यार्थिनीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवले तशी लिहू की मला एरवी वाटते तशी. या एका प्रश्नात त्यांना जो अभिप्राय मिळाला, तो वर्षानुवर्षांच्या फॉर्मांत नव्हता. त्यांनी व्याख्यान कमी केले. प्रश्न टाकून शेजाऱ्याशी वाद घालायला लावायला सुरुवात केली. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी अशा आणि पारंपरिक अशा बासष्ट अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांची तुलना छापली. सुरुवातीला जे येत नव्हते त्यापैकी पारंपरिक वर्गाने सरासरी २३ टक्के भरून काढले, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. कुणालाही ‘समाधानी आहात का’ असे विचारलेले नव्हते.

विचारले असते तर काय झाले असते, तेही कळले आहे. हार्वर्डमध्येच लुई देलोरिए यांच्या गटाने २०१९ मध्ये एकाच विषयाचे दोन तास दोन तऱ्हांनी घेतले. एका गटाला रंगलेले व्याख्यान, दुसऱ्याला स्वतः झगडत सोडवायचे काम. नंतरच्या विषयाला अदलाबदल. झगडणाऱ्यांना चाचणीत जास्त गुण पडले. पण आपण जास्त शिकलो असे व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले. हे आपल्याकडे भाषांतर करून सांगायची गरज नाही. मुलांना आपापसांत वाद घालायला लावा आणि फॉर्मवर वाचा: ‘सर स्वतः शिकवत नाहीत, आम्हालाच विचारत बसतात.’ ‘नोट्स देत नाहीत.’ ‘पोर्शन मागे आहे.’ यातले पोर्शनचे वाक्य तर आपण मुलांना शिकवलेले आहे. नॅकच्या विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणाचा पहिलाच प्रश्न अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला असा आहे आणि ८५ ते १०० टक्क्यांना सर्वांत जास्त गुण. मुरले किती, हा प्रश्न यादीत नाही.

इथे स्टाफरूममधली काही मंडळी मान डोलावू लागतील. ‘बघा, आम्ही म्हणतच होतो, पोरांना काय कळतंय!’ हे मतही तितकेच चुकीचे आहे, आणि त्याचे खंडनही राळेगणातच होते. त्या गावात शाळेला मान्यता मिळावी म्हणून अण्णांना ऐंशीच्या सुमारास जिल्हा परिषदेपुढे उपोषणाला बसावे लागले. शेजारच्या पिंपळनेरच्या निळोबारायांचे नाव घेतलेल्या त्या विद्यालयाने पुढे एक विलक्षण प्रवेशधोरण धरले: इतर शाळांत नापास झालेल्या, ओवाळून टाकलेल्या मुलांना मुद्दाम घ्यायचे, वसतिगृहात ठेवायचे, पहाटे उठवून पळवायचे आणि अभ्यासाला बसवायचे. ती मुले पास होऊ लागली. यात शिस्तीचा वाटा किती आणि शिकवण्याचा किती, यावर वाद होऊ शकेल. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळे आहे. नापासाचा शेरा सगळीकडे मुलाविषयीचा निकाल म्हणून वाचतात. तिथे तो आधीच्या शाळेविषयीचा अभिप्राय म्हणून वाचला गेला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महानगरपालिकेच्या शाळांतल्या मागासवर्गीय मुलांबाबत हेच केले. मुले विज्ञानात मागे का, हे शोधताना त्यांना पाठ्यपुस्तकाची जड मराठी आडवी आलेली दिसली. भाषा सोपी करताच मुलांची प्रगती झाली. त्या मुलांनी कुठलाही फॉर्म भरला नव्हता. त्यांच्या चुका हाच त्यांचा अभिप्राय होता, आणि तो वाचणारा कुणीतरी होता.

म्हणून माझा उत्तरपक्ष असा आहे. विद्यार्थी हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे; आणि त्याची सर्वांत मोलाची साक्ष त्याच्या चुकीच्या उत्तरात असते. ‘त्वरण शून्य’ असे पंचाहत्तरांपैकी पन्नास जणांनी लिहिले तर माझा मागचा आठवडा कसा गेला ते मला कळते, ३.६ वरून काहीच कळत नाही. ‘कुठे अडलं?’ हा प्रश्न सत्राच्या मध्यावर विचारला तर त्याच वर्गाला उपयोग होतो, शेवटी विचारला तर फक्त फायलीला.

मग हे सगळे उघडपणे, वर्गाची ग्रामसभा भरवून का करू नये, असे राळेगणची ख्याती ऐकलेला वाचक विचारील. मलाही हा विचार मोहात पाडतो. ज्यांना परिणाम भोगायचे आहेत त्यांनीच समोरासमोर बोलायचे, यासारखे चांगले काय? पण राळेगणचे सगळेच उचलण्यासारखे नाही. दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचे अण्णांनी स्वतःही लपवलेले नाही, आणि एकाच वजनदार आवाजापुढे होणाऱ्या एकमताकडे मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी बोट दाखवले आहे. वर्गात तो वजनदार आवाज मास्तरांचा असतो आणि अंतर्गत गुण त्यांच्याच हातात. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला त्याच मास्तरांसमोर उभे राहायचे असताना कोण खरे बोलेल? तेव्हा नाव न लिहिण्याची मुभा हवीच. फक्त त्या निनावी कागदावर शिक्षकाला गुण द्यायचे नाहीत. आपल्याला न कळलेली गोष्ट लिहायची.

आणि शिक्षकाची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती पुढच्या वर्गात घ्या. येत्या जुलैत प्रत्येक भौतिकशास्त्र विभागाने एवढेच करून पाहावे: टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, मुलांना पहिल्या तासाला, आगाऊ न सांगता, एफवायच्या यांत्रिकीवरचे पाच साधे प्रश्न द्यावेत, गणिते नकोत, चेंडूसारखे. उत्तरे कुणाच्या पदोन्नतीला जोडू नयेत. ती विभागाच्या बैठकीत मोठ्याने वाचावीत, आणि त्या दिवशीच्या इतिवृत्तात समाधानाची सरासरी लिहू नये.