जॅग्वार ई-टाइप

जॅग्वार ई-टाइप : ब्रिटनमधील कॉव्हेंट्री येथे १९६१ ते १९७४ या काळात तयार झालेली दोन दारांची स्पोर्ट्स मोटार. बंद टपाची कूपे व उघड्या टपाची रोडस्टर अशा दोन रूपांतील ही गाडी १५ मार्च १९६१ रोजी जिनीव्हात प्रथम दाखवण्यात आली. एकूण ७२,००० हून अधिक गाड्या बनल्या. २००८ मध्ये जॅग्वार मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली.

ई-टाइपचे नाव बहुधा सौंदर्याचा नमुना म्हणून घेतले जाते. पण हे रूप हौसेतून नव्हे, हिशेबातून घडले. तिचा आकार ठरवणारे माल्कम सेयर विमान कंपनीतून आलेले वायुगतिकीचे जाणकार होते. १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षे ल मांची शर्यत जिंकणारी जॅग्वारची डी-टाइप ही मोटारही त्यांचीच. तिच्याप्रमाणे ई-टाइपमध्येही पत्र्याचे कवचच मधला भार पेलते. इंजिन पुढे बोल्टांनी जोडलेल्या नळ्यांच्या सांगाड्यावर बसते. सहा सिलिंडरांचे ३.८ लिटरचे, २६५ अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन एवढे असूनही किंमत ॲस्टन मार्टिन डीबी४च्या जवळपास निम्मी होती.

या हिशेबावर पहिला आक्षेप वेगाचा आहे. नियतकालिकांच्या चाचणीत ताशी १५० मैल (सु. २४० किमी.) गाठणाऱ्या कूपेचे इंजिन खास तयार केलेले होते, ग्राहकांच्या गाड्या त्याहून थोड्या मागे पडत. आक्षेप खरा आहे, मात्र त्या किमतीत त्या वेगाच्या आसपास जाणेही इतरांना जमत नव्हते. दुसरा आक्षेप असा की, रूप हिशेबाचे असेल तर ते पुढे बिघडले का? उत्तर हिशेब बदलण्यातच आहे. अमेरिकी नियमांमुळे हेडलाइटवरील काचा गेल्या, चार आसनांसाठी १९६६ मध्ये कूपेची लांबी व उंची वाढली, १९७१ मध्ये १२ सिलिंडरांचे ५.३ लिटरचे इंजिन आले. प्रत्येक सोयीची किंमत आकाराने मोजली.

नव्या मालकीतही मान मूळ आराखड्यालाच मिळाला. साठाव्या वर्षानिमित्त २०२१ मध्ये जॅग्वारने कूपे व रोडस्टरच्या सहा जोड्या पुन्हा उभ्या केल्या; त्या सर्व ३.८ लिटरच्याच होत्या.