अक्षरांचं गणित, फुकटात

१९६८ साली अमेरिकेतल्या एमआयटीत कार्ल एंगेलमन, विल्यम मार्टिन आणि जोएल मोझेस यांनी 'मॅकसिमा' ही प्रणाली रचायला घेतली. संगणकानं नुसती आकडेमोड करू नये, क्ष आणि य घेऊन समीकरणं सोडवावीत, इंटिग्रेशन करावं, हा त्यामागचा ध्यास. तेव्हा तो धाडसीच म्हणायला हवा.

पुढे १९८२ मध्ये ही प्रणाली व्यापारी कंपनीकडे गेली. मात्र एक प्रत अमेरिकेच्या ऊर्जा विभागाकडे होती. टेक्सास विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी ती वर्षानुवर्षं एकहाती सांभाळली. १९९८ मध्ये विभागाकडून परवानगी मिळवून त्यांनी ती मुक्त परवान्याखाली खुली केली. हीच आजची 'मॅक्सिमा'. शेल्टर २००१ मध्ये वारले, पण काम थांबलं नाही. इतरांनी ते उचललं.

२००५ मध्ये गणितज्ञ विल्यम स्टाइन यांनी 'सेज' हे मुक्त गणिती सॉफ्टवेअर आणलं, तेव्हा नव्यानं सगळं लिहिण्याऐवजी मॅक्सिमासारखी तयार साधनं पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या धाग्यात ओवली. शहाणपणाचा निर्णय!

मॅक्सिमा वापरून पाहायची तर नवख्यानं आधी तिचं खिडकीवालं रूप, 'डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा', घ्यावं. त्यात मेनू मिळतात. समीकरण टाइप करून शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबलं की उत्तर हजर. साध्या टर्मिनलवर मात्र ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायला विसरू नका, नाहीतर मॅक्सिमा मुकाट वाट पाहत बसते.